धक्का बरा होता

"गुरुजी, विकिरण म्हंजे रेडिएशनच ना?"

खेमसिंगने हे विचारले तेव्हा माझ्या तोंडात भाकरीचा घास होता. मी तो घाईने गिळला, तो अडकला, मग पाणी प्यायलो. एवढ्या वेळात उत्तर सुचायला हवे होते.

जानेवारीतली दुपार होती. पुसदपासून दहा किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यात, खेमसिंगच्या ओसरीवर मी जेवत होतो. ताटात ज्वारीची भाकर आणि ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी. समोर अंगणाच्या पलीकडे, निंबाखाली टाकलेल्या खाटेवर कोकिळा जेवत होती. कोकिळा खेमसिंगची मुलगी, माझी विद्यार्थिनी. तीन वर्षांनी ती फ्रान्सहून दहा दिवसांच्या रजेवर आली होती. तिच्यासाठीच मला जेवायला बोलावले होते, आणि तिचेच ताट दूर होते. आधी मला वाटले, तिकडे थंडी फार, पोरीला उन्हात बसून जेवायची हौस आली असेल. मग माझ्या लक्षात आले की तिची बॅगही घरात नाही. ती गोठ्याला लागून असलेल्या खोलीत ठेवली आहे. आणि घरात पाळणा आहे.

पाळण्यात सुनीलचा, म्हणजे कोकिळाच्या भावाचा, सव्वा महिन्याचा मुलगा होता.

"बा, मी कवाची सांगून राह्यली ना, थे रेडिएशन नाही म्हणून," कोकिळा खाटेवरूनच हसत म्हणाली.

"तू थांब व. तू तं सांगशीनच. मी गुरुजीले विचारून राह्यलो." खेमसिंगने घडी घालून ठेवलेले वर्तमानपत्र माझ्या ताटाशेजारी ठेवले. "पेपरात तिनंच लिवलं. चार डाव लिवलं विकिरण, विकिरण. सुनीलनं मोजलं."

सुखीबाई भाकर वाढायला वाकली होती. ती कोकिळाची आई. ती म्हणाली, "टीव्हीवर बी दाखोते जी. तिकडे कुठं लढाई चालू हाये, तं खाली लाल पट्टी येते. विकिरण का खतरा. सुनील वाचून दाखोते. आता तुमीच सांगा, हे पोरगी अणुभट्टीच्या बाजूनं काम करते. अन् घरात ओलं लेकरू हाये."

आतल्या दाराशी शीला उभी होती. सुनीलची बायको. बाळ तिच्या खांद्यावर होते आणि त्याच्यावर पदर होता. तिचे पहिले मूल आठव्या दिवशी गेले होते, हे तांड्यातच नव्हे, मलाही ठाऊक होते. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मला खरे उत्तर माहीत होते. ते एका वाक्याचे होते. 'हा शब्द कोकिळाचा नाही, माझा आहे, आणि त्याचा अर्थ तुम्हाला वाटतो तो नाही.' एवढेच म्हणायचे होते. मी कोकिळाकडे पाहिले. ती भाजीत भाकर बुडवत होती. माझ्याकडे बघत नव्हती, आणि बघत नाही हे मला कळावे इतकी बघत नव्हती.

"तसं काही नाही," मी म्हणालो. "घाबरण्यासारखं काही नाही."

खेमसिंगने सुस्कारा सोडला. मी तिथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि सगळे माझ्याकडे बघत असले की मला माझ्याच बोलण्याची खात्री वाटेनाशी होते. हा माझा जन्माचा रोग आहे. छत्तीस वर्षे मी फळ्याकडे तोंड करून शिकवले.

"पण," मी म्हणालो, "शास्त्रात शंभर टक्के असं काही म्हणता येत नाही. लहान जीव आहे. काळजी घेतलेली बरी."

शीला आत गेली. दार लोटल्याचा आवाज आला, मग कडीचा.

"गुरुजीच म्हनते तं झालं," खेमसिंग म्हणाला, आणि त्याने मला आणखी भाजी वाढायला सांगितले.

*

ही गोष्ट दिवाळीच्या आधी सुरू झाली. आमच्या गावच्या एका साप्ताहिकाच्या संपादकाला कुणीतरी सांगितले की आपल्या तालुक्यातली मुलगी परदेशात न्यूट्रिनो नावाचा कण शोधते आहे. त्याने तिच्याकडून लेख मागवला. तिने तो मराठीत लिहिला आणि आधी मला पाठवला. 'सर, मराठी लिहून आठ वर्षं झाली. ऱ्हस्वदीर्घ बघून द्याल का?' एवढेच तिने मागितले होते. ऱ्हस्वदीर्घ.

मी ते पाहिलेच. पण तेवढ्यावर थांबलो नाही. मला निवृत्त होऊन चौदा वर्षे झाली होती. चौदा वर्षांत माझ्याकडे कुणी तपासायला काही आणले नव्हते. मी शास्त्रीय परिभाषेचे कोश कपाटातून खाली काढले, लाल शाईचे पेन घेतले आणि तीन दिवस बसलो.

तिने लिहिले होते:

'आमच्या तांड्यात नायकाने हाक दिली की एकटा माणूस उठून येत नाही, सगळा तांडा उठतो. जोर कमी असलेला न्यूट्रिनो आला की अणूच्या केंद्रकाचे तसेच होते. त्यातल्या एखाद्या कणाला वेगळा धक्का बसत नाही, सगळ्या केंद्रकाला मिळून बसतो. तो धक्का फार लहान असतो. तो कळावा म्हणून आम्ही स्फटिक खूप खूप थंड करतो. एरवी स्फटिक आपल्याच उबेने थरथरत असतो, मग बाहेरून आलेला एवढासा धक्का त्याला कसा कळणार?'

मी ते सगळे खोडले. त्या जागी लिहिले: 'न्यून ऊर्जेच्या न्यूट्रिनोंचे अणुकेंद्रकांवरून होणारे सुसंगत विकिरण अतिशीत संवेदकांद्वारे टिपले जाते.' तांडा मला शास्त्रीय लेखात शोभेना. 'धक्का' हा शब्द तर मला बसस्टँडवरचा वाटला.

तिला मी दुरुस्त केलेला लेख पाठवला, तेव्हा तिचे उत्तर आले: 'चालेल सर. तुम्ही बघितलंय म्हणजे झालं.' ते मी लीलाबाईला, म्हणजे माझ्या पत्नीला, वाचून दाखवले. दोनदा दाखवले.

आणि संपादकाचा फोन आला होता, हेही सांगायला हवे. तो म्हणाला, "सर, हे विकिरण म्हणजे रेडिएशन ना? लोकं भितील."

मी म्हणालो, "रेडिएशन नव्हे. विकिरण म्हणजे स्कॅटरिंग. विखुरणं. शाळेच्या पुस्तकात आहे, प्रकाशाचं विकिरण होतं म्हणून आकाश निळं दिसतं."

"मग कंसात स्कॅटरिंग लिहू का?"

"कंस कशाला? वाचकांनी मराठी शब्द शिकावेत."

इतक्या ठामपणे मी आयुष्यात फार थोडी वाक्ये बोललो असेन. लेख छापून आला. वर कोकिळाचा फोटो, संपादकाने स्वतःच दिलेला मथळा, 'अणुभट्टीच्या दारात आपली कोकिळा', आणि खाली माझी भाषा तिच्या नावाने.

*

जेवण झाल्यावर कोकिळा मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. काकूंसाठी म्हणून तिने तुरीच्या शेंगांची पिशवी घेतली होती. दोन्ही बाजूंना कपाशीची शेते होती, वेचून झालेली, बोंडांच्या टरफलांत राहिलेला कापूस वाऱ्यावर हलत होता. माझा गुडघा दुखतो म्हणून ती हळू चालत होती.

मला जे विचारायचे होते त्याची भीती वाटत होती, म्हणून मी दुसरे विचारले. "तुमचं यंत्र दिसतं कसं?"

तिने फोनवर फोटो दाखवला. सोनेरी तबकड्या एकाखाली एक टांगलेल्या, खाली लहान होत गेलेल्या. जणू हंड्यांची उतरंड कुणी छताला उलटी लटकवली आहे. "हे प्रत्येक मजल्याला जास्त थंड होत जातं, सर. सगळ्यात खाली निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा शंभरावा भाग. तिथं आमचे स्फटिक. खडीसाखरेच्या खड्याएवढे."

"आणि एवढं थंड करायला किती दिवस लागतात?"

"आठ-दहा. आता गरम केलंय, दुरुस्तीसाठी. मी परत जायच्या आत पुन्हा थंड होईल. आठजण आहेत तिथं, मी नसले तरी अडत नाही." ती हसली. "न्यूट्रिनो भट्टीतून निघतो, भिंतीतून येतो, आमच्यातून जातो, कळत पण नाही. इथंही येतातच की, सूर्यावरून. आता आपण बोलतोय तेवढ्यात किती गेले असतील तुमच्या-माझ्यातून. बाळातूनही. कुणाला काही करत नाहीत. करत नाहीत म्हणून तर सापडत नाहीत. अब्जावधीत एखादा केंद्रकाला लागतो. मग स्फटिक गरम होतो, म्हणजे अंशाच्या लाखाव्या-कोटीव्या भागानं. तेवढं आम्ही मोजतो."

"किती सापडले?"

"खात्रीनं सांगावं असा अजून एकही नाही, सर. दोन वर्षं झाली. कधी पंपाचा हादरा असतो, कधी स्फटिक धरलेल्या चिमट्याचाच ताण सुटतो. सगळे धक्के न्यूट्रिनोचे नसतात ना."

तिच्या 'खात्री नाही'मागे दोन वर्षांची मोजणी होती. ओसरीवर मी म्हटलेल्या 'शंभर टक्के म्हणता येत नाही'मागे काहीच नव्हते. शब्द मात्र जवळपास तेच. मी मान खाली घालून चालू लागलो.

"बाळाला पाहिलंस?" मी विचारले.

"दारातून. केस खूप आहेत." थोडे चालल्यावर ती म्हणाली, "वहिनीची चूक नाही, सर. तिचं पहिलं गेलं ना. तिच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं." मग ती थांबली, फोन ओढणीला पुसत म्हणाली, "धक्का बरा होता."

हे ती अगदी हसत म्हणाली. फळ्यावर सरांची एक वेलांटी चुकली आहे, असे ती आठवीत असताना म्हणायची तसे.

"हो," मी म्हणालो.

फक्त हो. त्यानंतर म्हणायचे बरेच होते. तेवढ्यात दिग्रसकडून ऑटो आला आणि तिने हात करून थांबवला. मला आधार देऊन बसवले. शेंगांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. पाया पडली. मी ऑटोतून मागे वळून पाहिले नाही. मला वळता येत नव्हते असे मी स्वतःला सांगितले.

*

"पोरानं दात काढले का?" लीलाबाईने विचारले. ती शेंगा सोलायला बसली होती.

"सव्वा महिन्याचा आहे. दात कुठले?"

"बरं. कोकिळानं मांडीवर घेतलं असन?"

मी सांगितले. खाट, बॅग, कडी, सगळे. ती सोलता सोलता ऐकत होती. मी काय उत्तर दिले तिथे आलो तेव्हा तिचे हात थांबले.

"काळजी घेतलेली बरी? तुमी म्हनलं हे?"

"हो."

"तुमाले माहीत हाये ना, का काही होत नाही?"

"हो."

"अन् शबुद तुमचा."

"शब्द बरोबर आहे," मी म्हणालो. "मराठीत विकिरण म्हणजे..."

"थे आकाश निळं हाये थे मले माहीत झालं. दिवाळीत दोन डाव ऐकलं म्या." तिने शेंग सुपात टाकली. "जलमभर पोट्ट्याइचे कान धरून उभे केले, चूक कबूल कर म्हनून. आता स्वतःचा कान नाही सापडून राह्यला काय?"

मी कधी कुणाचा कान धरला नव्हता. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन मी हिंदीचा कोश पाहिला. विकिरण. ऊर्जा किरणांच्या रूपाने बाहेर पडणे. म्हणजे रेडिएशनच. आपण ज्याला प्रारण म्हणतो, किरणोत्सार म्हणतो, त्या सगळ्याच्या जागी हिंदीत हा एक शब्द उभा आहे. आमच्याकडे बातम्या हिंदीत ऐकतात, अर्धे बोलणे हिंदीतून चालते. शाळेच्या पुस्तकातला अर्थ परीक्षेपुरता राहतो आणि टीव्हीवरचा घरात राहतो. एवढे मला कळायला हवे होते. संपादकाला कळले होते. कोकिळाला तर शब्द शोधायच्या आधीच कळले होते, म्हणून तिने धक्का लिहिले. न कळलेला मी एकटाच, आणि पेन माझ्या हातात होते.

तिथून मी साप्ताहिकाच्या कचेरीत गेलो. संपादक मान वर न करता म्हणाला, "बसा सर. काय आणलं?"

"शुद्धिपत्र द्यायचं आहे. कोकिळाच्या लेखाचं."

"तीन महिन्यांनी? चूक काय होती पण?"

"शब्द बरोबर होता. पण चूक होती."

त्याने आता मान वर केली. मी त्याला तांड्यातले सांगितले नाही, नुसते सांगितले की विकिरणच्या जागी धक्का वाचावे. तो म्हणाला, "टाकतो गुरुवारी, शेवटच्या पानावर. नाव कोणाचं टाकू? लेख तं त्या मॅडमचा हाये. लेखिकेच्या हातून चूक झाली, असं टाकू?"

"तसं नको."

"मंग कोणाच्या हातून?"

टेबलावर त्याचा चहा होता. त्यावर साय धरली होती. मी त्या सायीकडे बघत राहिलो.

"नाव नको टाकूस," मी म्हणालो. "नुसतं शुद्धिपत्र म्हण."

"तुमी म्हनसान तसं," तो म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला. मला वाटते त्याला सगळे कळले. लेख माझ्याच हस्ताक्षरातल्या दुरुस्त्यांसह त्याच्याकडे गेला होता.

पायऱ्या उतरताना मी कठड्याला धरून थोडा वेळ उभा राहिलो. तांड्यात कोण वाचणार होते शेवटचे पान? आणि वाचले तरी 'विकिरणच्या जागी धक्का वाचावे' एवढ्याने शीला कडी काढणार होती का? मी तिथपर्यंत जाऊन आलो होतो ते फक्त मी काही केले असे वाटावे म्हणून.

पुढचा सगळा दिवस मी कागद घेऊन बसलो. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहून न्यायचे ठरवले. सहा वेळा लिहिले. पहिल्या पाचांमध्ये कुठे ना कुठे 'तांत्रिकदृष्ट्या' आले होते. सहाव्यात ते नव्हते. खाली कोकिळाचे खोडलेले वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले, तांड्याचे, नायकाच्या हाकेचे.

*

चौथ्या दिवशी सकाळी मी तांड्यात पोचलो तेव्हा अंगण सारवलेले होते. निंबाखालची खाट भिंतीला उभी लावलेली होती. ओसरीवर खेमसिंग आणि तांड्याचे नायक पूनमसिंग चहा पीत होते. सुखीबाईने माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणली.

"कोकिळा?" मी विचारले.

"गेली ना जी," सुखीबाई म्हणाली. "आज सकाऊनच गाडी केलती नागपूरची. म्हने मशीन गरम झाली, थंडी करा लागते, माह्याबिगर होत नाही."

तिच्या रजेचे अजून चार दिवस बाकी होते. आणि तिच्यावाचून अडत नाही, हे तिनेच मला कपाशीच्या वाटेवर सांगितले होते.

मी खुर्चीवर बसलो नाही. खिशातला कागद काढला. त्याची घडी उलगडली.

"मला थोडं वाचून दाखवायचं आहे," मी म्हणालो.

"वाचा ना जी," पूनमसिंग म्हणाले. "पन बसा तं."

"उभ्यानंच वाचतो."

मी वाचले. कोकिळाने लेखात विकिरण हा शब्द एकदाही लिहिला नव्हता. तो मी घातला, चारही वेळा. तिला तो नको असणार, पण मी तिचा शिक्षक म्हणून ती बोलली नाही. शब्दाचा अर्थ पुस्तकात एक, आकाश निळे का दिसते तो, आणि लोकांच्या तोंडी दुसरा, हे मला कळले नाही, आणि सांगणाऱ्याचे मी ऐकले नाही. तिच्या कामात तिच्या अंगाला काही लागत नाही, घरी आणण्यासारखे तर काहीच नसते. आणि जेवायला आलो त्या दिवशी हे सगळे मला माहीत असून मी ते सांगितले नाही. मग तिचे वाक्य वाचले. नायकाने हाक दिली की सगळा तांडा उठतो, तिथे पूनमसिंगांनी कप खाली ठेवला.

वाचून झाले. मग पूनमसिंग म्हणाले, "म्हंजे गुरुजी, थे आकाश निळं दिसते थे विकिरण?"

"पुस्तकातलं. हो."

"मंग आमी तं जलमापासून विकिरणातच हाओ." ते मोठ्याने हसले. खेमसिंग हसला नाही. त्याने मला विचारले, अगदी साध्या आवाजात, खरोखरच माहीत करून घ्यायचे म्हणून:

"मंग त्या दिशी काहून नाही सांगतलं जी?"

"लाज वाटली."

"कायची?"

"चुकल्याची."

खेमसिंगने मान हलवली. समजल्यासारखी नाही. एखाद्या दूरच्या गावाचे नाव ऐकल्यावर माणूस हलवतो तशी. "चुकते जी मानूस," तो म्हणाला. "आमी रोज चुकतो."

सुखीबाई दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली होती. कोकिळा तिला याडी म्हणते, म्हणजे आई. ती म्हणाली, "थे तं मले म्हनत होती, याडी, शबुद माह्याच हातून चुकला. तुमी जेवाले याच्या आधीच म्हनलं तिनं. अन् म्हने, गुरुजीले नोका विचारू काही. त्याइले तरास होते लोकाइसमोर." तिने पदराने नाक पुसले. "म्या तिच्या बापाले सांगतलं, नोका विचारू म्हनून. यानं विचारलंच."

मी कागदाची घडी घालू लागलो. ती सरळ पडेना. सहावीत-सातवीत असताना कोकिळाने माझ्याबद्दल हे ओळखले असेल, की वर्गात मला कुणी उलट प्रश्न विचारला की माझे कान लाल होतात. एवढी वर्षे तिने ते लक्षात ठेवले होते, आणि माझे कान लाल होऊ नयेत म्हणून ती निंबाखाली जेवली होती.

आतून शीला आली. खांद्यावर बाळ होते, आज त्याच्यावर पदर नव्हता. ती माझ्यासमोर उभी राहिली.

"सर, मी बाईले हात नाही लावू देला त्याले," ती म्हणाली. बाई म्हणजे नणंद, कोकिळा. "सकाऊन जाच्या वक्ती ते दारात उभी होती. म्हने, वहिनी, दुरूनच पाह्यतो. मी दुरूनच दाखोलं. तुमी म्हनलं होतं काळजी घ्या."

"हो," मी म्हणालो. "मी म्हटलं होतं."

मला वाटले ती आता रागावेल. मी त्यासाठी तयार होतो. खरे म्हणजे मी तेवढ्यासाठीच उभा होतो. पण तिने सासूकडे पाहिले, सासूने मान हलवली, आणि शीला म्हणाली, "बसा."

मी बसलो. तिने वाकून बाळ माझ्या मांडीवर ठेवले.

"गुरुजीच्या मांडीवर द्या लागते," सुखीबाई म्हणाली. "मान धरा जी. मान कच्ची हाये त्याची."

मी मान धरली. बाळ गरम होते, मला वाटले होते त्याहून जड. केस खरेच खूप होते. ते जागे होते आणि माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यामागच्या उजेडाकडे बघत होते. ते लेकरू कुणाच्या हातात असायला हवे होते, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. मला ते परत द्यावेसे वाटत होते. पण मान कच्ची होती, मला हात हलवायची भीती वाटत होती, आणि ज्याच्याकडे द्यायचे ते माणूस यावेळी नागपूरच्या वाटेवर होते.

शीलाने कमरेला खोचलेला फोन काढला.

"फोटो काढतो. बाईले धाडतो," ती म्हणाली. "वर पाहा ना, सर."

मी बाळाच्या कपाळावरची काजळाची तीट बघत राहिलो.

"सर, वर पाहा ना जी," ती पुन्हा म्हणाली. थोडी थांबली. मग तिने तसाच काढला.